अळणी पाण्याची वाट

बडोद्यातल्या सीकेपी घरांचं श्रावणातलं एक दुखणं आहे, ते मुंबईच्या नातेवाइकांना कळत नाही. त्यांचा हिशोब सोपा: आषाढात गटारी, श्रावणात बंद, गणपती गेले की पुन्हा सुरमई. आमच्याकडे मात्र वर्षातला सगळ्यात चवदार मासा ऐन श्रावणात दारात येतो. नर्मदेला पूर चढला की खंबायतच्या आखातातून हा मासा, पाला, भरूचकडे वर सरकतो, आणि भरूच आमच्यापासून सत्तर-एक किलोमीटरवर. मासळीवाला फाटकाशी येऊन हाक देतो, "मासी, चाकसी छे!" चाकसी म्हणजे मादी, पोटात गाभोळी असलेली. सासूबाई देवघरातून ऐकतात आणि ऐकलं नाही असं दाखवतात. सासरे होते तोवर ते चप्पल घालताघालता सांगत, "नदीतला मासा आहे तो. समुद्राचा नियम त्याला लागू नाही."

गाभोळी हातात घेऊन नीट पाहावी अशी चीज आहे. पाल्याचं पोट कापलं की दोन लांबट पिशव्या निघतात, मागच्या टोकाला जुळलेल्या. वरचं आवरण इतकं पातळ की आतल्या लाल शिरा दिसतात. नखाचा जरा धक्का लागला तर फाटतं आणि बारीक दाणे बोटांना चिकटून बसतात. हळद, मीठ, तिखट, आलं-लसणाचं वाटण लावून तांदळाच्या पिठात घोळवायची, मंद आंचेवर टाकायची आणि झाकण हाताशी ठेवायचं, कारण दाणे फुटून तेलासकट अंगावर उडतात. मोठ्या मादीच्या पोटात काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत अंडी असू शकतात. तळताना हा आकडा मनात येऊ देऊ नये.

सासऱ्यांचं वाक्य सोयीचं होतं, खरं नव्हतं. पाला समुद्राचाच. वाढतो खाऱ्या पाण्यात, धष्टपुष्ट होतो आखातात आणि अरबी समुद्रात. नदीत शिरतो तो फक्त विणीसाठी. बंगालचा इलिश तो हाच. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यातलं 'इलिशा' आजही चालतं.

समुद्रात जन्म काढलेल्या माशाला अंडी घालायला नदी का लागावी? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी मासोळीही जन्मस्थानी परतते. ऐकायला फार गोड. सॅमनच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरंही आहे. तो जन्माच्या नदीचा वास ओळखून परततो. पण समुद्रातल्या बहुसंख्य माशांना ही उपमा लावली की सगळं गणित चुकतं. माहेर म्हणजे पत्ता. गल्ली तीच, घर तेच, जाऊ तेव्हा जागेवर. मासा बहुतेक वेळा पत्त्यावर जात नाही. तो एका प्रकारच्या पाण्याकडे जातो: इतकं गरम, इतकं खारट, या बाजूला वाहणारं, या चंद्राला. असं पाणी जिथे जमेल तिथे त्याची वीण. ते हललं तर वीणही हलते. नकाशावरची जागा तशीच राहते आणि तिथे काही घडत नाही. हे एकदा डोक्यात शिरलं आणि मग नर्मदेवरच्या सगळ्या गप्पा मला वेगळ्या ऐकू यायला लागल्या.

आता कुणी म्हणेल, बडोद्यात बसून ही समुद्राची उठाठेव कशाला. तर आमच्या शहराला समुद्र नाही, पण राज्याला होता. द्वारका आणि बेट द्वारका ज्यात येतात ते ओखामंडळ गायकवाडांचं, आणि तिथल्या समुद्रातल्या जिवांचा अभ्यास सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून करून घेतला. त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत छापला गेला. शाळेच्या सहलीत मात्र आम्हाला हॉर्नेल कुणी दाखवला नाही, देवमासा दाखवला. सयाजीबागेतल्या संग्रहालयात वीस मीटरहून लांब असा निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. बडोद्याची पोरं समुद्राला प्रथम भेटतात ती अशी, हाडांतून.

मुद्द्यावर येते. बहुतेक समुद्री माशांचं अंडं जेमतेम मिलिमीटरभराचं, काचेसारखं पारदर्शक, पाण्यात सुटं तरंगणारं. आई-बाप निघून गेलेले. ते अंडं तरंगेल की बुडेल हे पाण्यातल्या मिठावर ठरतं. किती दिवसांत फुटेल ते उष्णतेवर. फुटल्यावर पिल्लाजवळ बलकाची शिदोरी असते ती थोड्या दिवसांची. ती संपायच्या आत त्याच्या तोंडात मावेल इतकं बारीक खाणं आसपास हवं. नॉर्वेच्या योहान योर्ट या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१४ साली हेच मांडलं होतं. उत्तर युरोपात हेरिंग आणि कॉड हे मासे कधी उदंड, कधी दुर्मीळ. लोक म्हणत मासा दुसरीकडे गेला. योर्टने खवल्यांवरची वर्तुळं मोजून माशांची वयं काढली आणि दाखवलं की १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगची एकच पिढी पुढे कितीतरी वर्षं जाळी भरत होती. बाकीच्या वर्षीही अंडी घातली गेली होतीच. पिल्लं टिकली नव्हती.

म्हणजे आईने निवडायचं ते फक्त अंड्यासाठीचं पाणी नव्हे. अंड्याचं पिल्लू होऊन ते कुठे वाहत जाईल, हेही त्या निवडीत आलं. अँड्र्यू बाकुन या समुद्रशास्त्रज्ञाने याच्या तीन अटी सांगितल्या: खालचं सकस पाणी वर यायला हवं, अन्न एका पट्ट्यात दाटायला हवं, आणि पिल्लू तिथून भलतीकडे वाहून जाता कामा नये. आपल्या मलबार किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की खालचं थंड, सकस पाणी वर येतं, हिरव्या सूक्ष्म वनस्पतींनी समुद्र भरतो, आणि तारली त्याच सुमाराला अंडी घालते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते ती पावसाळ्यातल्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठीही. त्यावरून दर श्रावणात फोनवर एक निरोप फिरतो की पूर्वजांनी मत्स्यशास्त्र जाणून श्रावण पाळायला सांगितला. असेलही थोडंसं. पण सगळे मासे एका महिन्यात विणत नाहीत. बोंबलाचा हंगाम लांबच लांब चालतो. आणि श्रावण तर कांदा-लसणालाही लावतात, त्यांची कसली वीण?

पाण्याचं गणित किती बारीक असू शकतं हे मला समजलं ते बाल्टिक समुद्राच्या कॉडमुळे. हा समुद्र म्हणजे अर्धवट गोडं पाणी. नद्या त्यात सतत गोडं पाणी ओततात, आणि खारं पाणी येतं ते डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून. खारं पाणी जड, म्हणून ते तळाला बसतं. गोडं वर राहतं. कॉडचं अंडं तिथे तरंगायला हजारी अकराच्या आसपास तरी क्षार लागतात. वरच्या पाण्यात तेवढे नाहीत, म्हणून अंडं खाली जातं. खाली क्षार आहेत, पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या त्या पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो, लिटरला दोन मिलिलिटरच्या खाली गेला की अंडं गुदमरतं. मधे उरतो एक पातळ थर, जिथे मीठही पुरतं आणि श्वासही. शास्त्रज्ञ दर वर्षी त्या थराचं घनफळ मोजतात. मला हे मोजमाप फार आवडलं. कॉडची विणीची जागा चौरस किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, पाण्याच्या आकारमानात सांगतात, आणि तो आकडा दर वर्षी बदलतो.

तो थर ताजा होतो तो हिवाळ्यातल्या वादळांनी. बरेच दिवस वारा एका दिशेने झोडपत राहिला तरच उत्तर समुद्राकडचं खारं, प्राणवायूने भरलेलं पाणी मोठ्या प्रमाणात आत ढकललं जातं. असं १९९३ साली झालं, २००३ साली झालं, २०१४च्या डिसेंबरात झालं. मधली वर्षं कोरडी. गॉटलंड आणि ग्डान्स्कजवळच्या खोल भागांत पूर्वी कॉड विणत असे, तिथे आता त्या जागा कामातून गेल्यासारख्याच. राहिली मुख्यतः बोर्नहोम बेटाजवळची खोलगट. यात आणखी एक मेख आहे. वयस्कर, मोठ्या मादीची अंडी मोठी आणि जास्त तरंगणारी असतात, म्हणजे ती त्या गुदमरणाऱ्या तळापासून वर राहतात. आणि जाळ्यात आधी जातात त्या मोठ्या माद्याच. २०१९ साली युरोपीय संघाने पूर्व बाल्टिकमधली कॉडची मासेमारी बंद केली. तोवर फार उशीर झाला होता असं माझं मत, पण तिथले मच्छीमार माझ्या मताची वाट पाहत बसलेले नाहीत.

त्याच कॉडची दुसरी जमात नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांपाशी हिवाळ्याच्या शेवटी येते, बॅरेंट्स समुद्रातून शेकडो किलोमीटर पोहत. तिथे वर थंड किनारी पाणी आणि खाली अटलांटिकचं उबदार पाणी; मधल्या थरात चार ते सहा अंश. कॉड त्या थरात विणतो, आणि प्रवाह अंडी-पिल्लं परत बॅरेंट्स समुद्राकडे नेतो. सुंदर गोष्ट पुढे आहे. गेल्या शतकाच्या नोंदी पाहिल्या तर समुद्र गार असलेल्या काळात विणीचा भर दक्षिणेकडे सरकतो, उबदार काळात उत्तरेकडे. हजार वर्षं ज्या बेटांवर मासे सुकवले जातात, ज्या बेटांचा मासा युरोपभर गेला, तिथेही कॉडच्या लेखी मूळ पत्ता आहे तो चार ते सहा अंशांचा.

जपानी वामाची गोष्ट याहून नाट्यमय आहे, पण थोडक्यात सांगते. हा वाम नद्यांत वाढतो आणि विणीला समुद्रात जातो, पाल्याच्या बरोबर उलट. त्याची अंडी नैसर्गिक स्थितीत कधी कुणी पाहिली नव्हती. कात्सुमी त्सुकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं प्रशांत महासागर चाळला आणि २००९च्या मे महिन्यात, अमावस्येच्या तोंडावर, मारियाना बेटांच्या पश्चिमेला त्यांना ३१ अंडी मिळाली. हजारो किलोमीटरच्या त्या निळ्या सपाटीत वामाला जागा कशी कळते? तिथे एक सीमा असते, डोळ्यांना न दिसणारी. तिच्या दक्षिणेला पावसाने पातळ झालेलं पाणी, उत्तरेला जास्त खारं. वाम या सीमेच्या दक्षिण अंगाला विणतो. ज्या वर्षी एल निन्यो असतो त्या वर्षी ही सीमा दक्षिणेकडे घसरते, तिच्याबरोबर वीणही, आणि मग पिल्लं जपानकडे नेणाऱ्या प्रवाहात न शिरता भलत्याच प्रवाहाला लागतात. आया चुकल्या नाहीत. त्यांनी पाणी बरोबर ओळखलं. ते पाणीच चुकीच्या जागी होतं.

यात उष्णता वाढत चालली आहे, ते तर रोजच वाचतो. २०२० साली जर्मनीतल्या फ्लेमिंग डाहल्के आणि सहकाऱ्यांनी ६९४ जातींचा हिशोब मांडला. प्रौढ मासा बराच फरक सोसतो. पण अंड्यातला जीव आणि विणीला आलेली मादी यांची सोसण्याची पट्टी फार अरुंद. अंड्यातल्या जिवाला कल्ले नाहीत, रक्ताभिसरण पुरतं नाही; मादीला स्वतःबरोबर पोटातल्या त्या एवढ्या मोठ्या गाभोळीलाही प्राणवायू पुरवायचा, आणि गरम पाण्यात तो कमी विरघळतो. तापमान सगळ्यात जास्त वाढण्याची जी शक्यता धरली जाते त्यात या शतकाच्या अखेरीला साठ टक्क्यांपर्यंत जातींना विणीच्या काळात आपलं नेहमीचं पाणी सोसणार नाही. मासा जिवंत असेल, समुद्र असेल, वीण नसेल.

आता भरूच. मागे आम्ही नवरा-बायको भाडभूतला गेलो होतो, नर्मदेच्या मुखाकडचं माछी लोकांचं गाव. ओहोटी होती. खंबायतच्या आखाताची भरती-ओहोटी ज्याने पाहिलेली नाही त्याला सांगून पटत नाही. भावनगरला पाणी दहा मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं. भाडभूतला नदी गढूळ, कॉफीच्या रंगाची, काठाला गुडघाभर चिखल, त्यात होड्या कलंडून पडलेल्या. एक म्हातारे काका जाळ्याच्या गाठी पाहत बसले होते. पाला कधी येणार विचारलं, तर त्यांनी तारीख सांगितली नाही, तिथीही सांगितली नाही. म्हणाले, "पाणी मोळुं पडे ने, त्यारे आवे." पाणी अळणी झालं की येतो. मग हाताशीच्या डबक्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान हलवली. अजून नाही.

त्या बोटावर पाल्याचं अख्खं शास्त्र होतं. समुद्रात असताना मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत हे सगळं उलटं करावं लागतं: पाणी प्यायचं नाही, मीठ धरून ठेवायचं, पातळ लघवी करून आत शिरणारं पाणी काढायचं. शरीराचा हा फेर पालटायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळतो खाडीत, जिथे खारं हळूहळू अळणी होत जातं. पुराचं पाणी जेवढं जोरात लोटेल तेवढी ही उतरण समुद्राकडे लांब पसरते आणि तेवढे जास्त मासे तिला लागतात. वर गोड्या, वाहत्या पाण्यात अंडी पडली की साधारण एका दिवसात फुटतात. पिल्लं काही महिने नदी-खाडीत काढून मग खाली उतरतात. बांगलादेशात अश्विनी पौर्णिमेच्या आगेमागे बावीस दिवस इलिशची मासेमारी बंद ठेवतात, कारण उधाणाच्या त्या दिवसांत तो मोठ्या संख्येने विणतो. आम्ही गच्चीवर कोजागरीचं दूध आटवत असतो तेव्हा मेघनेच्या मुखाशी पहारे लागलेले असतात.

नर्मदेचं पुराचं पाणी आता वर अडतं. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली पूर्ण बंद करता आले, उंची १३८.६८ मीटर झाली. खाली नदीसाठी सोडायचं पाणी ठरलेलं होतं सहाशे क्युसेक, जे एवढ्या रुंद पात्रात आणि तसल्या भरतीपुढे काहीच नाही. चांगला पाऊस झाला की दरवाजे उघडतात आणि पाला येतो. नाही झाला की खारं पाणी भरूचच्या वर चढतं. शेतकऱ्यांच्या विहिरी खारट होतात ही तक्रार अगदी खरी आहे, आणि तिच्यावर तोडगा म्हणून भाडभूतपाशी नव्वद दरवाजांचा बांध घातला जातो आहे. त्याचं भूमिपूजन २०१७च्या ऑक्टोबरात झालं. बांधाच्या वर गोड्या पाण्याचं मोठं तळं, खाली खारा समुद्र. शेतीला पाणी, कारखान्यांना पाणी, पुरापासून संरक्षण. एकेक फायदा घेतला तर नाही म्हणण्यासारखं त्यात काही नाही.

पण माशांचा विषय काढला की उत्तर मिळतं, त्यांच्यासाठी वाट ठेवू. इथे ते माहेर पुन्हा आडवं येतं. मासा म्हणजे प्रवासी, बांध म्हणजे अडथळा, मग अडथळ्याला एक दार करून दिलं की झालं. गंगेवर फरक्क्याचा बांध १९७५ साली सुरू झाला, त्यातही माशांसाठी दारं होती. पूर्वी इलिश अलाहाबाद, कानपूर, आग्र्यापर्यंत चढायचा. फरक्क्यानंतर वरच्या गंगेत तो जवळजवळ दिसेनासा झाला. पाल्याला नुसतं दार पुरत नाही. त्याला दाराच्या खाली कित्येक किलोमीटर अळणी होत जाणारं पाणी लागतं, ते पाणी आलंय हे त्याला आखातातच कळावं लागतं. बांधाने ही उतरण पुसली जाते आणि तिच्या जागी पायरी येते, इकडे खारं, तिकडे गोडं. पायरीला कितीही चांगलं दार केलं तरी त्याच्यापर्यंत यायचं कारणच माशाला उरत नाही.

नुसतं जास्त पाणी सोडून हे साधत नाही, हेही सांगायला हवं. २०२३च्या सप्टेंबरात धरणातून एकदम मोठा विसर्ग झाला तेव्हा भरूच-अंकलेश्वरात घराघरांत पाणी शिरलं. दोन दिवसांचा तो लोंढा माशांच्या काय कामाचा? त्यांना लागतो आषाढापासून चढत जाणारा, आठवडेच्या आठवडे टिकणारा पूर, जो पूर्वी पाऊस आपला आपण देत असे. धरणातून तो मुद्दाम द्यावा लागेल, आणि नव्वद दरवाजे त्या दिवसांत वर उचलून ठेवावे लागतील. ते उघडे ठेवले तर उधाणाला थोडं खारं पाणी तळ्यात शिरणार. बंद ठेवले तर पाला येणार नाही. यात मधला सोयीचा मार्ग मला तरी दिसत नाही. वर्षातले किती आठवडे दरवाजे उघडे राहतील, कोणत्या तिथीला, आणि त्या वेळी वरून किती पाणी येईल, एवढं एका कागदावर गुजरातीत लिहून प्रकल्पवाल्यांनी भाडभूतच्या लोकांच्या हातात द्यावं. ते अळणी झालं की नाही हे तपासायला त्यांना यंत्र लागणार नाही.